‘बेरीज करायची की वजाबाकी?’ : शाब्दिक उदाहरणांच्या अध्यापनाविषयी

प्राथमिक शाळेतील गणिताच्या तासाला एक प्रश्न हमखास कानी पडतो. शिक्षक शाब्दिक उदाहरण सांगतात, मुले ते वहीत उतरवून घेतात, आणि पाठोपाठ मागच्या ओळीतून आवाज येतो, “गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?” शिक्षक घाईत असतात, त्याच खोलीत दुसरा वर्ग त्यांची वाट पाहत असतो. ते सांगून टाकतात, “वजाबाकी.” मग सारा वर्ग वजाबाकी करतो, वह्या तपासल्या जातात, बरोबरच्या खुणा पडतात. परंतु त्या तासाला जे शिकवावयाचे होते ते शिकविलेच गेलेले नसते. कोणती क्रिया करावयाची हे ठरविणे, हेच शाब्दिक उदाहरणातील खरे गणित होय. आणि ते तर गुरुजींनीच करून टाकलेले असते. मुलांच्या वाट्याला उरते ती केवळ आकडेमोड.

ह्याची दुसरी बाजू आठवडी बाजारात दिसते. आईशेजारी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली चौथीतील मुलगी बारा रुपयांच्या तीन जुड्यांचे छत्तीस रुपये तोंडी सांगते आणि पन्नासाच्या नोटेतून चौदा रुपये बिनचूक परत करते. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात ५० मधून ३६ उभ्या मांडणीने वजा करताना उत्तर २६ लिहिते, आणि तिच्या नावापुढे ‘गणितात कच्ची’ असा शेरा पडतो. हा शेरा पुढे तिच्याबरोबर सातवीपर्यंत चालत राहतो. पुष्कळ मुले गणित सोडतात ती गणित अवघड आहे म्हणून नव्हे, तर ‘हे आपले काम नव्हे’ अशी त्यांची समजूत लहानपणीच करून दिली जाते म्हणून.

हा अनुभव केवळ आपल्याकडील नाही. ब्राझील देशातील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा कॅराहर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. पाहणीत मुले थोडी, म्हणजे पाचच होती; पण आढळून आलेला फरक विलक्षण होता. धंद्याच्या जागी विचारलेल्या हिशोबांपैकी सुमारे ९८ टक्के त्यांनी बरोबर सोडविले. तशाच संख्यांची शाब्दिक उदाहरणे दिली तेव्हा हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर आले, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा सुमारे ३७ टक्क्यांवर. मुले तीच, बुद्धी तीच. तुटलेला होता तो बाजार आणि वही ह्यांमधील पूल. हा पूल बांधणे हेच प्राथमिक शिक्षकाचे काम आहे.

एक फुली, चार चुका

परसबागेचे एक साधे उदाहरण घ्यावे. “शाळेच्या परसबागेत ८१ रोपे लावली. त्यांपैकी ५४ जगली. किती रोपे मेली?” शिक्षकांनी हे तोंडी सांगितले आणि मुलांनी ऐकून लिहिले, असे समजू. उत्तर २७. आता चार वह्या पाहाव्यात.

पहिल्या वहीत उत्तर ३६ आहे. दुसऱ्या वहीत १३५ आहे. तिसऱ्या वहीत ३३ आहे. चौथ्या वहीत २७ आहे, परंतु खाली लिहिले आहे, ‘२७ रोपे जगली.’

चारही वह्यांवर सामान्यतः एकच लाल फुली पडते. वास्तविक ह्या चार मुलांना चार निरनिराळ्या अडचणी आहेत. पहिल्याने ‘चोपन्न’ ऐकून ४५ लिहिले आणि ८१ मधून ४५ अगदी बरोबर वजा केले. त्याची चूक संख्यालेखनाची आहे. दुसऱ्याला उदाहरणाचा अर्थच लागला नाही. दोन संख्या दिसल्या, त्या त्याने मिळविल्या. तिसऱ्याने क्रिया बरोबर निवडली, पण एककाच्या घरात १ मधून ४ जात नाहीत म्हणून त्याने ४ मधून १ घालविला. त्याची चूक हातच्याची आहे. चौथ्याने सर्व काही केले, परंतु विचारले काय होते इकडे मागे वळून पाहिले नाही.

ताप आलेल्या चार रोग्यांस एकच काढा देणारा वैद्य कोणासही पसंत पडणार नाही. तद्वत ह्या चौघांना ‘वजाबाकीची आणखी दहा उदाहरणे सोडवून आण’ असे सांगणे निष्फळ होय. म्हणून वही तपासताना फुलीऐवजी एक अक्षर लिहिण्याची सवय ठेवावी : संख्यावाचनाची चूक असेल तर ‘सं’, अर्थाची असेल तर ‘अ’, क्रियेची असेल तर ‘क्रि’, उत्तराची असेल तर ‘उ’. आठवड्याच्या शेवटी कोणत्या मुलाच्या वहीत कोणते अक्षर वारंवार येते हे पाहिले की त्याला काय शिकवावयाचे ते आपोआप कळते. पुढील चार भागांत ह्या चार चुकांचा क्रमाने विचार केला आहे.

संख्येचे वाचन

मराठीतील संख्यानामे मुलांना खरोखरच अवघड जातात, हे शिक्षकांनी प्रथम मान्य केले पाहिजे. लिहिताना आपण दशक आधी लिहितो व एकक मागाहून. बोलताना मात्र एकक आधी येतो. ‘त्रेपन्न’ ह्या शब्दात तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. म्हणून मूल ३५ लिहिते. ह्यात त्याचा निष्काळजीपणा नाही. ऐकले त्या क्रमाने ते लिहिते. जर्मन मुलांपुढेही हीच अडचण असते, कारण त्या भाषेतही एकवीस ही संख्या ‘एक आणि वीस’ अशी उच्चारतात.

दुसरी अडचण ‘एकोण’ची. एकोणसाठ म्हणजे साठाला एक उणे. शब्दात साठ ऐकू येतात, लिहावयाचे मात्र पन्नास आणि नऊ. मूल ६९ लिहिते ते ह्यामुळेच. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी ही मालिका एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्व्याण्णव येथे एकाएकी मोडते. तिसरी अडचण म्हणजे जोडाक्षरांची. त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याण्णव हे शब्द दुसरीतील मुलाच्या जिभेला जड आहेत.

ह्याच अडचणींचा विचार करून २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत रूढ नावांच्या जोडीने देण्यात आली. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यावर वर्तमानपत्रांत आणि विधानसभेतही मोठा वाद झाला. मराठी भाषेची मोडतोड होते असे काहींचे म्हणणे होते; मुलांची भीती कमी होते असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. वर्गातील शिक्षकाने ह्या वादात अडकून पडण्याचे कारण नाही. ‘पन्नास आणि तीन’ हे संख्येची घडण दाखविणारे वाचन आहे, आणि ‘त्रेपन्न’ हे तिचे नाव आहे. मुलाला दोन्ही हवे. नाव कळले पण घडण कळली नाही तर हातचा कधीच कळणार नाही; घडण कळली पण नाव आले नाही तर बाजारात आणि घरी अडेल.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात ह्या बाबतीत एक उपयुक्त गोष्ट हाताशी आहे. तेथील पुष्कळ मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये एकवीस ह्या संख्येस ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे ‘वीस-एक’, असे म्हणतात. दशक आधी, एकक मागून. अशा मुलांना संख्येची घडण घरूनच माहीत असते. त्यांनी मराठी नाव चुकविले म्हणून त्यांना गणितात मागे धरणे अन्यायाचे होईल. उलट त्यांच्याकडून कन्नड नावे वर्गात म्हणवून घ्यावीत व इतर मुलांना त्यांतील दशक ओळखावयास सांगावा.

सरावासाठी रोज पाच मिनिटे पुरेत. शिक्षकांनी ‘त्रेपन्न’ म्हणावे. मुलांनी लिहिण्यापूर्वी काड्यांच्या दहादहाच्या पाच जुड्या व तीन सुट्या काड्या उचलून दाखवाव्यात, ‘पाच दशक तीन’ असे म्हणावे, आणि मगच लिहावे. ‘एकोणसाठ’साठी आधी सहा जुड्या उचलाव्यात आणि एका जुडीतून एक काडी काढून ठेवावी. ‘एक उणे साठ’ म्हणजे काय, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

उदाहरणाचा अर्थ

दुसऱ्या वहीतील मूल दिसतील त्या संख्या मिळवून मोकळे झाले. अशी मुले सर्व देशांत आहेत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९७९ साली गणिताच्या अध्यापनाचा विचार करणाऱ्या एका संस्थेने लहान मुलांना विचारले, ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचे वय किती?’ ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्या संख्यांची काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय सांगितले. मेंढ्यांचा आणि वयाचा संबंध काय, असे त्यांनी विचारले नाही. कारण शाळेत दिलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हे शाळेनेच त्यांना शिकविले होते.

आपल्याकडे ही सवय लागण्याचे एक मोठे कारण म्हणजे खुणेचे शब्द. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की गुणाकार अशी युक्ती शिकविली जाते. परीक्षेपुरती ती चालते, पण थोड्याच दिवसांत दगा देते. पुढील उदाहरणे पाहावीत :

(१) आजीने १५ लाडू वाटले. डब्यात ९ उरले. डब्यात आधी किती लाडू होते? येथे ‘उरले’ हा शब्द आहे, पण बेरीज करावयाची आहे.

(२) ताईजवळ १२ चिंचोके आहेत. ते दादाच्या चिंचोक्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. दादाजवळ किती? येथे ‘जास्त’ हा शब्द आहे, पण वजाबाकी करावयाची आहे.

(३) दोन टोपल्यांत मिळून एकूण ४० पेरू आहेत. एका टोपलीत २२ आहेत. दुसरीत किती? येथे ‘एकूण’ आहे आणि तरीही वजाबाकीच आहे.

तेव्हा शब्द धरून न चालता प्रसंग धरून चालावे. त्यासाठी प्रत्येक क्रियेचे निरनिराळे अर्थ शिक्षकाच्या मनात स्पष्ट असले पाहिजेत. १३ मधून ८ वजा करणे ही मांडणी एकच. पण तिच्यामागे तीन प्रसंग असू शकतात. पहिला काढून घेण्याचा : १३ अंडी होती, ८ विकली, किती राहिली? दुसरा तुलनेचा : एका कोंबडीला १३ पिले, दुसरीला ८; पहिलीला किती जास्त? येथे कोणी काही काढून घेत नाही. दोन ओळी समोरासमोर मांडून जोड्या लावावयाच्या असतात. तिसरा भर घालण्याचा : खेळायला १३ मुले हवीत, ८ जमली, आणखी किती हवीत? येथे मूल ८ च्या पुढे मोजत १३ पर्यंत जाते, म्हणजे वास्तविक भरच घालते.

पुष्कळ वर्गांत केवळ पहिलाच प्रसंग शिकविला जातो. ‘वजाबाकी म्हणजे काढून टाकणे’ अशी व्याख्या एकदा पक्की झाली की तुलनेचे उदाहरण आल्यावर मूल गोंधळते आणि गुरुजींना विचारते. म्हणून पहिली-दुसरीपासूनच तिन्ही प्रसंग चिंचोक्यांनी करून घ्यावेत.

भागाकाराचेही असेच दोन अर्थ आहेत. ‘कडब्याच्या २४ पेंढ्या ४ जनावरांना सारख्या वाटल्या, प्रत्येकास किती?’ ही वाटणी होय. ‘कडब्याच्या २४ पेंढ्या आहेत, रोज ४ लागतात, किती दिवस पुरतील?’ हे गट करणे होय. उत्तर दोन्हीकडे ६. परंतु एका ठिकाणी ते ६ पेंढ्या आहे, दुसऱ्या ठिकाणी ६ दिवस. प्रत्यक्ष चिंचोके घेऊन केल्यास हातांची हालचालही निराळी होते : वाटणीत एकेक चिंचोका चार ढिगांवर टाकीत जावे लागते, गट करताना चार-चार उचलीत जावे लागते. हाताला कळलेला हा फरक डोक्याला सहज कळतो.

हातचा

तिसऱ्या वहीतील चूक सर्वांत अधिक आढळते. मूल लहान अंक मोठ्या अंकातून घालविते, मग तो वर असो वा खाली. बाजारातील मुलीने ५० मधून ३६ घालविताना लिहिलेले २६ हीच चूक होती. तिला दोष देण्यापूर्वी एक विचार करावा. ‘लहानातून मोठे जात नाही’ असे पहिलीत आपणच सांगितलेले असते. म्हणून ती मोठ्यातून लहान घालविते.

उपाय जुड्यांचाच. ८१ म्हणजे आठ जुड्या व एक सुटी काडी. ५४ काढावयाच्या आहेत. सुट्या चार काड्या नाहीत. मग काय करावे? हा प्रश्न विचारून शिक्षकांनी थांबावे. वर्गातील कोणी तरी मूल सांगतेच, “एक जुडी सोडा.” जुडी सोडली की सात जुड्या आणि अकरा सुट्या होतात. अकरांतून चार गेल्या, सात राहिल्या. सात जुड्यांतून पाच गेल्या, दोन राहिल्या. उत्तर २७. हे हाताने केल्यावरच वर आठावर काट मारून सात आणि एकावर अकरा लिहावेत. मांडणी ही कृतीची नोंद आहे, कृतीच्या जागी आलेला मंत्र नव्हे.

शून्य आले की अडचण वाढते. ३०२ मधून १२७ घालविताना दशकाच्या घरी शून्य असते व उसने मागावे कोणाकडे हे कळत नाही. येथे नोटांचा उपयोग करावा. शंभराच्या तीन नोटा व दोन रुपये आहेत. एक शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्यात, त्यांतील एक मोडून दहा सुटे रुपये घ्यावेत. आता दोन शंभर, नऊ दहा आणि बारा सुटे झाले. त्यांतून १२७ दिले की १७५ राहतात.

काही मुलांना घरी आजोबा निराळी रीत सांगतात : ‘वरच्याला दहा दे, खालच्या दशकात एक मिळव.’ म्हणजे ८१ व ५४ मध्ये अकरांतून चार गेले सात. मग पाचाचे सहा करून आठांतून सहा गेले दोन. ही रीत चुकीची नाही. दोन्ही संख्यांत सारखेच दहा मिळविले तर त्यांतील अंतर बदलत नाही, एवढेच तिचे तत्त्व आहे. दोन भावांच्या वयांतील अंतर दहा वर्षांनंतरही तेच राहते, असे सांगितल्यास मुलांना ते पटते. आजोबांची रीत ‘जुनी’ म्हणून खोडून टाकू नये. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते हे मुलाला करून पाहू द्यावे.

हातच्याच्या सरावासाठी महाराष्ट्रातीलच एका शाळाशिक्षकाची देणगी उपयोगी पडते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक होते. त्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती, संशोधनाची साधने नव्हती. संख्यांशी खेळण्याचा छंद मात्र होता. १९४९ साली त्यांनी ६१७४ ह्या संख्येचा गुणधर्म मांडला, आणि आज ती संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. प्राथमिक वर्गांसाठी तीन अंकांचा खेळ पुरेसा आहे. कोणतेही तीन अंक घ्यावेत, तिन्ही सारखे मात्र नसावेत. त्यांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या करून वजाबाकी करावी; येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. उदाहरणार्थ ३, ५, २ घेतले तर

५३२ − २३५ = २९७
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

येथून पुढे उत्तर ४९५ च येत राहते. कोणतेही अंक घेतले तरी फार तर सहा वजाबाक्यांत हा मुक्काम गाठला जातो. उत्तर ९९ आले तर त्यापुढे शून्य धरून ०९९ समजावे. शिक्षकाला ह्यात एक सोय आहे. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरात मधला अंक ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ होते. तसे न आले तर मुलालाच आपली चूक कळते. चाळीस वह्या तपासाव्या लागत नाहीत. आणि मूल शिक्षा म्हणून नव्हे, तर पुढे काय येते ह्या उत्सुकतेने हातच्याच्या चार-पाच वजाबाक्या करून टाकते.

उत्तराकडे मागे वळून पाहणे

चौथ्या वहीतील मुलाला गणित येते, पण ते उत्तर काढून थांबते. ह्यासाठी भागाकारातील बाकीची उदाहरणे फार चांगली. ५० ला ८ ने भागले तर भागाकार ६ व बाकी २ येते. आता तीन प्रसंग घ्यावेत. सहलीला ५० मुले जावयाची आहेत, एका जीपमध्ये ८ बसतात. किती जीपगाड्या लागतील? उत्तर ७, कारण दोन मुलांना मागे ठेवता येत नाही. ५० फुलांच्या, प्रत्येकी ८ फुलांच्या किती माळा होतील? उत्तर ६, दोन फुले उरली. ५० रुपये ८ मुलांना सारखे वाटले तर प्रत्येकास किती? उत्तर ६ रुपये २५ पैसे. भागाकार एकच, उत्तरे तीन. ते कोणते घ्यावयाचे हे आकडे सांगत नाहीत, प्रसंग सांगतो.

म्हणून उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे, आणि ते वाक्य मूळ प्रश्नाशेजारी वाचून पाहावयास लावावे. ‘किती रोपे मेली?’ ह्यापुढे ‘२७ रोपे जगली’ असे वाचले की मूल स्वतःच हसते व दुरुस्त करते.

उकलीच्या चार पायऱ्या

जॉर्ज पोल्या ह्या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत ह्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने चार पायऱ्या सांगितल्या : उदाहरण समजून घेणे, रीत ठरविणे, रीत अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या वर्गासाठी त्या अशा ठेवता येतील.

“एका शेतकऱ्याने तासगावच्या बाजारात १५ किलो वजनाच्या ८ पेट्या बेदाणा नेला. त्यांपैकी ४५ किलो बेदाणा पूर्ण पेट्यांनी विकला. किती पेट्या शिल्लक राहिल्या?”

पहिली पायरी : आकडे झाकून गोष्ट सांगणे. कोण, कोठे, काय झाले, विचारले काय? मुलाने उदाहरण आपल्या शब्दांत सांगावे. जोपर्यंत ते सांगता येत नाही तोपर्यंत पेन्सिल उचलू देऊ नये.

दुसरी पायरी : चित्र काढणे व रीत ठरविणे. आठ चौकोन काढावेत, प्रत्येकात १५ लिहावे. उत्तर आठापेक्षा जास्त येईल की कमी, हा अंदाज आधीच विचारावा.

तिसरी पायरी : क्रिया. एक मूल म्हणेल, १५ गुणिले ८ म्हणजे १२० किलो. त्यांतून ४५ गेले, ७५ राहिले. ७५ भागिले १५ म्हणजे ५ पेट्या. दुसरे म्हणेल, ४५ किलो म्हणजे ३ पेट्या. ८ मधून ३ गेल्या, ५ राहिल्या.

चौथी पायरी : मागे वळून पाहणे. दोन्ही रीतींनी ५ च आले, हाच ताळा. सोपी रीत कोणती व का, ह्याची वर्गात चर्चा व्हावी. ‘पुस्तकात अशी रीत नाही’ म्हणून दुसऱ्या मुलाची रीत खोडली, तर वर्गातील सर्वांत चांगला विचार खोडला असे होईल.

वर्गाची व्यवस्था

दोन शिक्षकी शाळेत हे सारे कसे बसवावे, ही शंका रास्त आहे. त्यासाठी उदाहरणांची संख्या कमी करावी. एका तासाला दहा उदाहरणे घाईने सोडविण्याऐवजी दोनच घ्यावीत, पण चारही पायऱ्यांनी घ्यावीत. पहिली-दुसरीची मुले चिंचोके व काड्यांच्या जुड्या घेऊन बसली असता तिसरी-चौथीने जोडीजोडीने एकमेकांस उदाहरण आपल्या शब्दांत सांगावे. साहित्याला खर्च नाही. चिंचोके, ज्वारीच्या धाटाच्या कांड्या, बाटल्यांची झाकणे सर्वत्र मिळतात.

आठवड्यातून एकदा मुलांनी स्वतः उदाहरण रचावे. शिक्षकांनी फळ्यावर केवळ ‘२० − ६’ लिहावे आणि त्याची गोष्ट करावयास सांगावी. कोणी एसटीतून उतरलेल्या माणसांची करील, कोणी उसाच्या मोळ्यांची, कोणी स्ट्रॉबेरीच्या पेट्यांची. ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरून आलेल्या मुलांना ह्या वेळी अवश्य बोलते करावे. मोळ्या, गाडी, वजनकाटा आणि मजुरी ह्यांचा हिशोब त्यांनी रोज ऐकलेला असतो. ज्या मुलाला क्रियेची गोष्ट करता येते त्याला गोष्टीतील क्रिया ओळखता येते.

शाब्दिक उदाहरणांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त कमळावरचे भुंगे आहेत, मोर आणि साप आहेत; गणित गोष्टीतून सांगण्यात त्या थोर गणितज्ञास कमीपणा वाटला नाही. पुढे गावठी शाळांतून पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करून घेतली जाई, कारण शेर-पायलीचा आणि आणे-पैचा व्यवहार त्याशिवाय होत नसे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो व मीटर आले, आणि ते पाढे मागे पडले. पाढे बदलले, परंतु गणित हे व्यवहार समजण्यासाठी आहे, हे त्यामागचे सूत्र बदललेले नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही तिसरी संपण्यापूर्वी प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान यावे, हेच उद्दिष्ट पुढे ठेवले आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस वर्गातून “बेरीज करायची की वजाबाकी?” असा प्रश्न आला, तर शिक्षकबंधुभगिनींनी उत्तर देण्याची घाई करू नये. “काय झाले ते आधी मला सांग,” असे म्हणावे आणि थांबावे. मूल प्रथम गप्प राहील, मग अडखळत सांगू लागेल, आणि सांगता सांगता स्वतःच म्हणेल, “अच्छा, म्हणजे काढून टाकायचे.” त्या एका वाक्यासाठी दोन मिनिटे गेली तरी हरकत नाही. वहीवरच्या दहा बरोबरच्या खुणांपेक्षा ते वाक्य अधिक मोलाचे आहे, कारण ते मुलाचे स्वतःचे आहे.